दूध, स्फुरद आणि सरोवर



आयोजकांनी मला दिलेला विषय निमंत्रणपत्रिकेवर दोन ओळींतही मावलेला नाही. 'शाश्वत विकास, विद्यापीठीय संशोधन आणि विद्याशाखांमधील समन्वय'. घरी पत्रिका आली तेव्हा विचारणा झाली, म्हणजे नक्की कशावर बोलणार? मी म्हटलं, दुधावर. घरच्यांना ती थट्टा वाटली. पण मी आज खरोखरच दुधावर बोलणार आहे. दुधावर, शेणावर आणि एका सरोवरावर.

या विषयावर बोलण्याचा एक ठरलेला रस्ता आहे. आधी तापमानवाढीचे आकडे द्यायचे, मग वितळणाऱ्या बर्फाचं चित्र दाखवायचं, मग सर्व विद्याशाखांनी एकत्र यायला हवं असं म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या आणि चहाला जायचं. सर्वांनी एकत्र यावं, याला नाही कोण म्हणणार? पण एकत्र येऊन करायचं काय? आणि इतकं साधं, इतकं चांगलं काम आजवर झालं का नाही? हे विचारलं की सभागृहात जरा चुळबूळ सुरू होते. मला ती चुळबूळ हवी आहे. म्हणून मी जगभर फिरणार नाही. एक विद्यापीठ घेतो आणि त्याच्या दारातलं एक पाणी घेतो.

अमेरिकेच्या उत्तर भागात, शिकागोच्या वरच्या अंगाला विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. त्याची राजधानी मॅडिसन. दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे शहर वसलं आहे. त्यातलं मोठं सरोवर मेंडोटा. क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी २५ मीटर पाणी. यहारा नावाची लहानशी नदी मेंडोटात येते आणि पुढे मोनोना, वॉबेसा, केगॉन्सा अशी सरोवरं ओवत जाते. इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक. त्यांच्या भाषेत या परिसराचं नावच चार सरोवरांवरून पडलेलं आहे. १८३२ च्या करारानं ही जमीन त्यांच्या हातून गेली. १८४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्य झालं आणि त्याच वर्षी विद्यापीठ स्थापन झालं. आज तिथं ५० हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. विद्यापीठाचा परिसर थेट मेंडोटाच्या दक्षिण काठावर आहे. वर्गाच्या खिडकीतून पाणी दिसतं.

या विद्यापीठात तीन माणसं होऊन गेली. एकानं दूध मोजलं, एकानं माती मोजली, एकानं पाणी मोजलं. तिघांच्या प्रयोगशाळा एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आणि तरीही एकाच्या यशाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत उतरायला शंभर वर्षं लागली. माझं आजचं सगळं बोलणं या शंभर वर्षांबद्दल आहे.

दुधापासून सुरुवात करतो. पण दुधाच्याही आधी तिथं गहू होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विस्कॉन्सिन हे देशातल्या आघाडीच्या गहू पिकवणाऱ्या राज्यांपैकी एक होतं. त्याच जमिनीत दरवर्षी गहू, पुन्हा गहू, पुन्हा गहू. जमीन थकली, किडी आल्या, उतारा घसरला, आणि गव्हाचं पीक पश्चिमेकडच्या नव्या जमिनींकडे निघून गेलं. मागे राहिलेल्या शेतकऱ्यानं करायचं काय? तेव्हा विल्यम डेम्पस्टर होर्ड नावाचा एक वृत्तपत्राचा संपादक उठला आणि गाय पाळा, गाय पाळा असा घोष त्यानं चालवला. हा माणूस पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. त्याचं म्हणणं असं की गाय चारा खाईल, चाऱ्यासाठी फेरपालट होईल, शेण परत जमिनीत जाईल, माती सुधारेल. म्हणजे काय? तर गाय हा त्या काळातला शाश्वत शेतीचा उपाय होता. मित्रहो, एवढं लक्षात ठेवा. कारण थोड्या वेळानं हीच गाय आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणार आहे.

गाई आल्या, दूध आलं, आणि दुधाबरोबर पाणी आलं. हे मी महाराष्ट्रात समजावून सांगायची गरज नाही. चीज करणारे कारखाने दूध वजनावर घेत. पाणी घालणारा आणि साय काढून देणारा, दोघांनाही प्रामाणिक माणसाइतकेच पैसे. विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात स्टीफन बाबकॉक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८९० मध्ये एक चाचणी काढली. लांब मानेच्या बाटलीत मोजून दूध घ्यायचं, त्यात गंधकाम्ल ओतायचं, आम्लात स्निग्धांश सोडून बाकी सगळं विरघळतं, मग बाटली यंत्रात गरागरा फिरवायची. स्निग्धांश वर चढतो आणि बाटलीच्या मानेवरच्या रेघांवर वाचता येतो. शिकलेला माणूस लागत नाही, महागडं उपकरण लागत नाही. आणि बाबकॉकनी या चाचणीचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्यानं वापरावी.

आपल्याकडे पहाटे डेअरीवर 'आज फॅट किती लागली?' हा प्रश्न विचारला जातो, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. आपल्याकडे रूढ झाली ती गर्बरची पद्धत, पण तत्त्व तेच. आम्ल, फिरकी आणि नळीवरच्या रेघा. या एका बाटलीनं विस्कॉन्सिनच्या दुधाला भाव आला, प्रामाणिकपणा परवडू लागला, आणि धंदा असा वाढला की १९४० पासून राज्यातल्या मोटारींच्या नंबरपाटीवर 'अमेरिकेची दुग्धभूमी' असं छापलं जाऊ लागलं. विद्यापीठानं समाजाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मॅडिसनमध्ये आजही पहिलं नाव बाबकॉकचं निघतं. आणि ते बरोबरच आहे.

दुसरा माणूस एमिल ट्रूओग. मृदशास्त्राचे प्राध्यापक. दुधातून, धान्यातून, हाडांतून जमिनीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बाहेर जातं. नत्र काही प्रमाणात हवेतून परत मिळवता येतं, लसूणघासाची मुळं ते काम करतात. स्फुरद हवेतून येत नाही. ते खाणीतून आणावं लागतं. पण आपल्या शेतात ते किती आहे हे शेतकऱ्याला कळणार कसं? ट्रूओग यांनी १९३० मध्ये मातीतलं पिकाला उपलब्ध असलेलं स्फुरद मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीही जगभर गेली. आता शेतकऱ्याला कळलं की जमीन उपाशी आहे. उपाशी जमिनीला तो खाऊ घालणारच. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर वेगळं काय केलं असतं?

तिसरा माणूस वयानं सर्वांत आधीचा नाही, पण मॅडिसनला सर्वांत आधी आला, १८७५ मध्ये. एडवर्ड बर्ज. प्राणिशास्त्राचा तरुण शिक्षक. त्याला वेड होतं पाणपिसवांचं. डॅफ्निया आणि तिच्या जातीचे बारीक कवचधारी जीव. त्याला एवढंच कळत नव्हतं की या पिसवा अमुक खोलीवर भरपूर आणि त्याच्या खाली एकदम गायब, असं का? ते शोधायला त्याला तापमान मोजावं लागलं. तापमान मोजल्यावर कळलं की उन्हाळ्यात सरोवराचे थर पडतात, वर गरम पाणी, खाली थंड, आणि दोन्ही मिसळत नाहीत. मग खालच्या थरातला प्राणवायू मोजावा लागला. त्यासाठी रसायनशास्त्र आलं. वाऱ्याचं काम समजून घ्यायला भौतिकशास्त्र आलं. चान्सी ज्यूडे हा सहकारी मिळाला आणि दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेत सरोवरशास्त्र नावाची विद्याच उभी केली. बर्जला कुणी आंतरविद्याशाखीय संशोधन करा असं परिपत्रक पाठवलं नव्हतं, निधीसाठी अर्जाचा नमुना दिला नव्हता. पिसू जिथं घेऊन गेली तिथं तो गेला. पुढे तो विद्यापीठाचा अध्यक्षही झाला, १९१८ ते १९२५. अध्यक्ष झाल्यावरही त्यानं सरोवर सोडलं नाही, हे आपल्याकडच्या कुलगुरूंनी ऐकण्यासारखं आहे.

आता पाण्याचं काय झालं ते पाहू.

शहर वाढलं, त्याचं सांडपाणी मोनोना सरोवरात जाऊ लागलं. उन्हाळ्यात पाणी हिरवं, काठावर सडलेल्या शेवाळाचा उग्र वास. तक्रारी झाल्या. पहिला उपाय रसायनाचा, मोरचूद. आमच्या द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. होड्यांतून टनांवारी मोरचूद सरोवरात फवारला गेला, अनेक वर्षं. शेवाळ मेलं, पुन्हा आलं, पुन्हा मारलं. तांबं मात्र गेलं नाही. ते तळाच्या गाळात बसलं आहे.

दुसरा उपाय स्थापत्याचा. सांडपाणी शुद्ध करा आणि खालच्या सरोवरात सोडा. मोनोनाची दुर्गंधी खाली वॉबेसाला गेली. खालच्या गावांनी साहजिकच आरडाओरडा केला, प्रकरण राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेलं. शेवटी १९५८ मध्ये हे पाणी नळानं सगळ्या सरोवरांना वळसा घालून पलीकडच्या एका ओढ्यात नेलं. मेंडोटाच्या वरच्या अंगाच्या गावांचं सांडपाणीही १९७१ मध्ये वळवलं. झालं? शहराचा मैला आता एकाही सरोवरात येत नव्हता. खालच्या सरोवरांना आराम पडला, नाही असं नाही. पण मेंडोटा? मेंडोटा हिरवंच राहिलं.

इथं थोडं थांबू या. इतके दिवस सगळ्यांना खात्री होती की दोष शहराचा आहे. आणि शहराचा दोष दाखवणं सोपं असतं. नळ दिसतो, नळातून पडणारं पाणी दिसतं, बोट दाखवता येतं. आपल्या नद्यांच्या बाबतीत आपण अजून याच पायरीवर आहोत, आणि ती पायरी ओलांडायलाही आपल्याला वेळ लागतो आहे. पण नळ बंद झाल्यावर जे उरतं, ते कुठून येतं?

यावर प्राणिशास्त्रज्ञांनी एक मोठी सुंदर कल्पना लढवली. शेवाळ कोण खातं? डॅफ्निया, बर्जची ती पाणपिसू. डॅफ्निया कोण खातं? लहान मासे. लहान मासे कोण खातं? मोठे मासे. मग मोठे मासे वाढवा. १९८७ पासून राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं आणि विद्यापीठ यांनी मिळून मेंडोटात वॉलाय आणि पाइक हे शिकारी मासे सोडायला सुरुवात केली. त्याच उन्हाळ्यात उकाड्यानं सिस्को नावाचे, पाणपिसवांवर जगणारे मासे मोठ्या संख्येनं मेले. तो दैवाचा भाग. पण दोन्हींचा परिणाम होऊन मोठ्या जातीची डॅफ्निया वाढली आणि पाणी निवळलं.

या प्रयोगात एक गोष्ट जीवशास्त्रज्ञांच्या आधी लक्षात आली नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण ती त्यांच्या समीकरणात बसणारी नव्हती. ती म्हणजे गळ टाकून बसलेला माणूस. सरोवरात मोठे मासे सोडले ही बातमी लपून राहत नाही. मासेमार लोटले. सोडलेले मासे ते पकडून नेणार, मग साखळीचं काय? म्हणून किती इंचांचा मासा न्यायचा, दिवसाला किती न्यायचे, याचे नियम करावे लागले. लोक ते पाळतील का, कशामुळे पाळतील, हे बघावं लागलं. इथं समाजशास्त्र आलं. शोभेसाठी नाही आलं; त्याच्याशिवाय मासा टिकत नव्हता म्हणून आलं.

आणि मग २००९ मध्ये मेंडोटात एक परकी पाणपिसू सापडली. काटेरी शेपटीची, मूळची युरोप-आशियातली, जहाजांच्या तोल साधणाऱ्या पाण्यातून १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत (ग्रेट लेक्स) उतरलेली. ही डॅफ्नियालाच खाते. काही वर्षांत पाण्याची पारदर्शकता जवळपास एक मीटरनं घटली. २०१६ मध्ये विद्यापीठाच्याच संशोधकांनी हिशेब मांडला की ही गेलेली पारदर्शकता परत आणायची तर सरोवरात येणारं, शेवाळाला पोसणारं स्फुरद ७१ टक्के कमी करावं लागेल आणि त्याला साडेआठ कोटींपासून सोळा कोटी डॉलरपर्यंत खर्च येईल. एका पिसवेपायी!

मत्स्यप्रयोग फसला, असं मी म्हणणार नाही. त्यानं सरोवराला वीसेक वर्षं मिळवून दिली. पण त्यानं एक गोष्ट झाकूनही ठेवली होती. पाणी निवळलं तरी पाण्यात येणारं स्फुरद काही कमी झालेलं नव्हतं.

तेव्हा आपण परत ट्रूओगच्या मातीकडे येतो.

१९९९ मध्ये मेंडोटाच्या पाणलोटाचा स्फुरदाचा जमाखर्च प्रसिद्ध झाला. अगदी दुकानदाराच्या वहीसारखा. जमेला काय? खत आणि बाहेरून येणारं पशुखाद्य. खर्चाला काय? बाहेर जाणारं दूध, मांस, धान्य. वर्षानुवर्षं जमा जास्त, खर्च कमी. उरलेलं स्फुरद जातं कुठं? मातीत साठतं. सरोवरात वाहून येतो तो या साठ्याचा अगदी थोडा भाग. पण सरोवराला तेवढाच पुरे होतो, कारण पिकाला जिथं किलोंचा हिशेब लागतो तिथं शेवाळाला पाण्यातले अगदी सूक्ष्म अंश पुरतात. कृषिशास्त्रज्ञाच्या दृष्टीनं हे नुकसान नगण्य होतं, शेतकऱ्याच्या खिशाला ते जाणवतही नव्हतं. तेच स्फुरद सरोवरशास्त्रज्ञाच्या दृष्टीनं महापूर होतं. दोघांचेही आकडे बरोबर होते. एकाच विद्यापीठातले दोन विभाग एकाच स्फुरदाकडे बघत होते आणि एकाला ते दिसत नव्हतं, दुसऱ्याला त्याशिवाय काही दिसत नव्हतं.

हे स्फुरद येतं कधी? रोज थोडं थोडं नाही. मोजणी असं सांगते की वर्षातल्या सरासरी २९ दिवसांत ७४ टक्के स्फुरद सरोवरात येतं. जोराचा पाऊस आणि बर्फ वितळण्याचे दिवस. हिवाळ्यात जमीन गोठून दगड झालेली असते. गोठ्यातलं शेण साठवायला जागा नसते. शेतकरी ते गोठलेल्या जमिनीवर पसरतो. ते मुरत नाही. वसंतात एक पाऊस येतो आणि सगळं ओढ्याला लागतं. आता मला सांगा, हा प्रश्न कोणत्या विभागाचा? हवामानशास्त्राचा? कारण जोराचे पाऊस वाढत आहेत. मृदशास्त्राचा? जलविज्ञानाचा? की शेणाची टाकी बांधायला कर्ज कोण देणार, या बँकेच्या प्रश्नाचा?

आणि गोठेही आता ते राहिलेले नाहीत. १९५० च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये एक लाखाहून अधिक दुग्धशेतं होती. आज सहा हजारांच्या आत आहेत. गाई मात्र अजूनही बारा-तेरा लाख. म्हणजे लहान गोठे बंद पडले आणि गाई मोठ्या गोठ्यांत एकवटल्या. होर्डच्या गाईचं शेण आपल्याच शेतात जिरत होतं. हजार गाईंचं शेण कुठं जिरवणार? दुधाच्या भावानं लहान शेतकऱ्याला बाहेर काढलं आणि त्या भावाचे परिणाम सरोवराच्या काठावर येऊन लागले. ही कथा काही जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडायची नाही.

मला या सगळ्यात सर्वांत आवडलेला भाग आता सांगतो. दुग्धशास्त्राचा विभाग, म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं तेच लोक, त्यांनी गाईच्या गव्हाणीत डोकावून पाहिलं. गाईला खुराकातून गरजेपेक्षा जास्त स्फुरद दिलं जात होतं. का? तर त्यानं गाय वेळेवर माजावर येते, गाभण राहते, अशी पक्की समजूत होती. सल्लागार तसं सांगत, खाद्य विकणारे तसं सांगत. मॅडिसनच्या दुग्धसंशोधकांनी विसाव्या शतकाच्या शेवटी प्रयोग करून दाखवलं की गरजेइतकं स्फुरद दिलं तर दूध कमी होत नाही आणि गाभण राहण्यातही फरक पडत नाही. जास्तीचं सगळं शेणातून बाहेर पडतं. म्हणजे शेतकरी खनिज मिश्रणावर पैसे खर्च करून ते सरळ सरोवरात पाठवत होता. हे सरोवरशास्त्रज्ञानं सांगितलं असतं तर शेतकऱ्यानं ऐकलं असतं? मला शंका आहे. गाईची नाडी ओळखणाऱ्यानं सांगितलं म्हणून ऐकलं.

यातून मी एक मत बनवलं आहे, आणि ते सर्वांना पटेल असं नाही. आपण आंतरविद्याशाखीय केंद्रं काढतो, त्यांना नवी इमारत देतो, नवी पाटी लावतो, आणि तिथं पर्यावरणाबद्दल आधीच कळकळ असलेली माणसं एकत्र बसतात. ते बोलणं गोड होतं. पण खरं काम तेव्हा होतं जेव्हा ज्या विभागाच्या यशातून प्रश्न निर्माण झाला, तो विभाग खोलीत असतो. दुग्धशास्त्राशिवाय सरोवराचा अभ्यास म्हणजे आरोपीला न बोलावता चालवलेला खटला.

विस्कॉन्सिनला हे पूर्णपणे जमलं, असं समजू नका. पण काही गोष्टी तिथं मुळात बऱ्या होत्या. १९०३ ते १९१८ चार्ल्स व्हॅन हाइझ हे भूशास्त्रज्ञ अध्यक्ष होते. विद्यापीठाचा उपयोग राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचला पाहिजे, ही त्यांची भूमिका 'विस्कॉन्सिन आयडिया' या नावानं अजून सांगितली जाते. १९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड या वन्यजीव अभ्यासकाला विद्यापीठानं नेमलं ते कोणत्या विभागात? प्राणिशास्त्रात नाही, वनशास्त्रात नाही. कृषी अर्थशास्त्रात! कारण वन्यजीव शेतकऱ्याच्या जमिनीवर राहतात आणि जमिनीचं काय करायचं हे शेतकरी पैशाचा विचार करून ठरवतो. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी इतका सरळ विचार केला. १९७० मध्ये पर्यावरण अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहिला वसुंधरा दिन झाला आणि त्याचे प्रवर्तक गेलॉर्ड नेल्सन हे विस्कॉन्सिनचेच सिनेटर. पुढे त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

आणि दुसरी गोष्ट, नोंदी. मेंडोटा कधी गोठलं, कधी सुटलं, याची नोंद १८५० च्या दशकापासून आहे. तेव्हा तापमानवाढ हा शब्दही नव्हता. आज तीच वही सांगते की बर्फाचा काळ सरासरी महिनाभरानं आखडला आहे. १९८१ पासून तिथल्या सरोवरांच्या दीर्घकालीन निरीक्षणाचा कार्यक्रम चालू आहे. त्या नोंदी नसत्या तर परक्या पिसवेनं काय नेलं हे कळलंच नसतं, कारण आधी काय होतं हेच माहीत नसतं. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे होत नाही. आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचा, मुदतवाढ सहा महिन्यांची, आणि अहवाल कपाटात. उपकरण घ्यायला पैसे मिळतात. रोज सकाळी जाऊन त्या उपकरणाचा आकडा लिहिणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाहीत. हे माझं रडगाणं जुनं आहे, आजच्या सभेच्या अध्यक्षांना पाठ आहे, म्हणून आवरतो.

कायदा कुठं आला? २०१० मध्ये राज्यानं पाण्यातल्या स्फुरदाच्या मर्यादा ठरवल्या. मॅडिसनच्या सांडपाणी मंडळापुढे प्रश्न आला. शुद्धीकरण केंद्राला आणखी महागड्या गाळण्या बसवायच्या, की तोच पैसा वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना द्यायचा, ओढ्याकाठी गवताचे पट्टे राखायला, आच्छादन पिकं घ्यायला, शेण जमिनीत मुरवायला? नियमात दुसऱ्या वाटेची मुभा होती. २०१२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०१७ पासून वीस वर्षांसाठी हा करार सुरू झाला. शहराच्या सांडपाणी खात्यानं शेतकऱ्याला पैसे द्यायचे! हे सुचायला वकील लागतो, अर्थशास्त्रज्ञ लागतो, आणि एका किलो स्फुरदाला कुठं किती खर्च येतो ते मोजून देणारा लागतो. शेतकऱ्यांनीही स्वतःची संघटना काढली आणि एकमेकांच्या शेतात जाऊन पाहायला लागले.

आणि साहित्यवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. 'यहारा २०७०' नावाचा एक प्रकल्प विद्यापीठानं केला. साठेक वर्षांनंतर या खोऱ्याचं काय होईल? आधी स्थानिक लोकांशी बोलले, मग चार वेगवेगळ्या भविष्यांच्या चार गोष्टी लिहिल्या. एकीत माणसं खोरं सोडून जातात, एकीत तंत्रज्ञान सगळं व्यापतं, एकीत लोकांची मूल्यंच बदलतात, एकीत कारभार पाणलोटाच्या हद्दींप्रमाणे होतो. चित्रकारानं चित्रं काढली. मग त्याच गोष्टी संगणकाच्या प्रतिमानात घालून पाणी, पीक, स्फुरद यांचे आकडे काढले. आकड्यांवर न भांडणारी माणसं गोष्टींवर भांडायला आली. मला हे शहाणपणाचं वाटतं.

आता आपल्याकडे वळतो, थोडाच वेळ. आपली कृषी विद्यापीठं, १९६८ चं राहुरीचं, १९६९ चं अकोल्याचं, १९७२ ची परभणी आणि दापोलीची, ही अमेरिकेतल्या याच प्रकारच्या विद्यापीठांच्या साच्यावर उभी राहिली. शिक्षण, संशोधन, विस्तार, तिन्ही एका छताखाली. तेव्हा त्यांचं यश आणि त्यांचा पेच, दोन्ही आपल्याला वारशानं मिळालेत. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तर राहुरीच्या विद्यापीठाच्याही आधीचं, १९३२ चं. तिथल्या कामानं ऊस उत्पादकाचं भलं झालं, यात वाद नाही. कोएम ०२६५ असो की को ८६०३२, शेतकरी वाणांची नावं सातबाऱ्यावरच्या नावांसारखी तोंडपाठ सांगतो. आणि सांगली-कोल्हापूरकडे पाण्याखाली दबून क्षारपड झालेल्या जमिनींचा अभ्यासही त्याच विद्यापीठानं केला आहे. माझा प्रश्न आरोपाचा नाही. एका कालव्याच्या लाभक्षेत्रापुरता का होईना, ऊस, पाणी, क्षार, कारखाना, कर्ज आणि उसाचा भाव यांचा एकच जमाखर्च, तीस वर्षांचा, त्या वाण काढणाऱ्या माणसाला शेजारी बसवून कुणी मांडणार आहे का? विद्यापीठात त्यासाठी लागणारे सगळे विभाग आज आहेत. पदं किती भरली आहेत तो भाग वेगळा.

मेंडोटा आज स्वच्छ आहे का? नाही. उन्हाळ्यात नील-हरित शेवाळ आलं की पोहण्याचे काठ बंद ठेवावे लागतात. २०१८ पासून डेन काउंटी, म्हणजे मॅडिसनचं जिल्हा प्रशासन, ओढ्यांच्या तळाचा गाळ उपसते आहे, कारण शेतातलं स्फुरद आज थांबवलं तरी गाळातलं जुनं स्फुरद कित्येक दशकं पाण्यात उतरत राहील. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये असा पाऊस झाला की शहराच्या रस्त्यांवर पाणी आलं. करारातून वाचलेलं स्फुरद आणि वाढलेल्या पावसानं आणलेलं स्फुरद यांची शर्यत चालू आहे.

मग इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा उपयोग काय झाला? माझ्या मते एवढा झाला की भांडण योग्य जागी येऊन पोचलं. आधी लोक शेवाळाशी भांडले, मग शहराशी, मग माशांवरून. आता खोऱ्यातल्या सभांमध्ये प्रश्न निघतो की या पाणलोटात गाई किती असाव्यात, आणि तो निघाला की सभा तापते. पाण्याला किती स्फुरद सोसेल ते सरोवरशास्त्रज्ञ सांगेल. एका गाईमागे ते किती कमी करता येईल ते दुग्धशास्त्रज्ञ सांगेल. कमी गाईंवर घर चालायचं तर दुधाला काय भाव पडायला हवा ते अर्थशास्त्रज्ञ सांगेल. त्यापुढचं उत्तर यांच्यापैकी कुणाच्या हातात नाही. ते चीजच्या बाजारात, काउंटीच्या अंदाजपत्रकात आणि दर दोन वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीत ठरणार आहे, आणि नंबरपाटीवर अजून 'अमेरिकेची दुग्धभूमी' असंच छापलेलं असताना ठरणार आहे.